व्हेगासच्या आधी काय वाचायचं?

पत्र मुलुंडहून आलंय. थोडं आखडून देते.

"ताई, मी 44 वर्षांची आहे. फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कामापुरतं. पावसाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीनं जेम्स पॅटरसन आणि अश्विन सांघी यांची 'प्रायव्हेट इंडिया' ही डिटेक्टिव्ह कादंबरी दिली. मुंबईत घडते म्हणून सहज उघडली आणि सोडवेना. अख्खी इंग्रजी कादंबरी मी जन्मात पहिल्यांदा वाचून संपवली. मग हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर त्याच मालिकेतली हाताला लागली ती पुस्तकं घेतली. 'प्रायव्हेट व्हेगास', 'प्रायव्हेट बर्लिन', 'प्रायव्हेट गेम्स' आणि 'द गेम्स'. आधी व्हेगास उघडलं आणि अडकले. त्यातली सगळी माणसं आधी कधीतरी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल बोलतात. तो भाऊ कोण, त्याचं नि नायकाचं वाकडं का, काही कळेना. ही पुस्तकं क्रमानंच वाचायची असतात का? आणि 'गेम्स' मी दोनदा घेतलं का?

दुसरं. माझ्या नणंदबाई शाळेत मराठी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्या म्हणाल्या, 'इतकी वर्षं काही वाचलं नाहीस, आता वाचायला लागलीस तर हे खूनखराब्याचं?' तेव्हापासून मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेते. तिसरं म्हणजे मुलगा आठवीत आहे. तो ही पुस्तकं मागतोय. देऊ का? – स. म., मुलुंड"

स. म. ताई, व्हेगास आत्ता मिटून ठेवा. तुम्ही अडकलात त्यात तुमच्या इंग्रजीचा काही दोष नाही. ते पुस्तक उघडताना तुम्ही एका कुटुंबाच्या भांडणात मधेच जाऊन बसलात, एवढंच झालंय. भांडण कशावरून सुरू झालं ते आधीच्या पुस्तकांत आहे आणि ती अजून तुमच्याकडे नाहीत.

मालिकेचं पहिलं पुस्तक 2010 सालचं. नाव नुसतं 'प्रायव्हेट', आणि पॅटरसनच्या जोडीला मॅक्सीन पेट्रो. जॅक मॉर्गन हा अमेरिकेच्या मरीन दलातला हेलिकॉप्टरचा वैमानिक, अफगाणिस्तानातून परत आलेला. त्याचे वडील तुरुंगात आहेत. त्यांनी उभी केलेली आणि पुढे बंद पडलेली तपाससंस्था ते जॅकच्या हाती देतात. जॅक लॉस एंजेलिसमध्ये ती पुन्हा उभी करतो. व्हेगासमध्ये तुम्हाला कोडं पडलं तो टॉमी म्हणजे जॅकचा जुळा भाऊ. दोघांचं वैर पहिल्या पुस्तकापासूनचं आहे आणि त्याच्या मुळाशी वडील आहेत. याहून जास्त सांगत नाही, कारण ते तुम्ही स्वतः वाचण्यातच गंमत आहे.

आता क्रमाचं. या मालिकेत आजवर वीसेक पुस्तकं आली आहेत. आकडा ऐकून दचकू नका, आणि सगळी वाचलीच पाहिजेत असंही मनावर घेऊ नका. माझा सल्ला एकच आहे. पुस्तकांच्या क्रमांकामागे जाऊ नका, एक माणूस धरा आणि त्याच्या मागे जा.

असं का म्हणते, ते सांगते. ही गोष्ट एका डिटेक्टिव्हची नाही, एका संस्थेची आहे. संस्थेचं मुख्य ऑफिस लॉस एंजेलिसला आणि शाखा जगभर. लंडन, बर्लिन, सिडनी, पॅरिस, मुंबई, दिल्ली, मॉस्को. प्रत्येक पुस्तकातलं प्रकरण त्याच पुस्तकात संपतं. खुनी कोण हे कळायला पुढच्या पुस्तकाची वाट बघावी लागत नाही. म्हणजे प्रकरणापुरतं बोलायचं तर कुठलंही पुस्तक कुठूनही उचललं तरी चालेल. एका पुस्तकातून दुसऱ्यात जातं ते माणसांचं आयुष्य: कोण कोणापासून दुरावलं, कोण दारूत बुडालं नि बाहेर आलं, कोण कोणाला कधीच माफ करणार नाही. हा धागा मधेच पकडला की व्हेगाससारखं होतं. शाखेशाखेची माणसं वेगळी असल्यामुळे धागेही वेगळे आहेत, आणि सुटे सुटे वाचता येतात.

जॅकचा धागा असा आहे. आधी 2010 चं 'प्रायव्हेट'. मग 2012 चं 'नंबर वन सस्पेक्ट', ज्यात जॅक प्रवासाहून घरी येतो तर त्याच्याच बिछान्यात त्याची एकेकाळची प्रेयसी मेलेली असते आणि पोलिसांचा पहिला संशय त्याच्यावर जातो. (हे पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरच लिहिलेलं असतं, तेव्हा मी काही फोडलं असं समजू नका.) त्यानंतर 2014 चं 'प्रायव्हेट एल.ए.', आणि मग 2015 चं तुमच्याकडचं व्हेगास. म्हणजे तुम्हाला आधीची तीन पुस्तकं मिळवायची आहेत. तिन्ही मिळाली नाहीत तर निदान पहिलं आणि 'नंबर वन सस्पेक्ट' मिळवाच. व्हेगासमध्ये जे बोलणं डोक्यावरून गेलं त्याची मुळं मुख्यतः या दोनांत आहेत. व्हेगासनंतर 2016 चं पॅरिस, त्याच वर्षीचं रिओ, 2018 चं 'प्रिन्सेस' आणि 2020 च्या मॉस्कोपासूनची पुस्तकं. या सगळ्यांत जॅक आहे. मॉस्कोपासून जोडीदार लेखक बदलतो, अ‍ॅडम हॅम्डी येतो, आणि जॅकच्या आयुष्यात एक नवीन वळण सुरू होतं. लॉस एंजेलिसची जुनी भांडणं पुरे झाली असं वाटलं तर सरळ मॉस्कोपासून सुरुवात करायलाही हरकत नाही.

तुमच्याकडचं बर्लिन मात्र आजच सुरू करा, त्याला कोणासाठी थांबायला नको. बर्लिनच्या शाखेतला एक माणूस गायब होतो आणि त्याची सहकारी मॅटी एंगेल त्याला शोधायला निघते. शोध जातो तो भिंत पडण्याआधीच्या पूर्व जर्मनीत, त्या माणसाच्या लहानपणापर्यंत. या मालिकेत मला आवडलेल्या पुस्तकांत हे वरचं आहे. इथला भूतकाळ नुसता खुनाचं कारण सांगण्यापुरता येत नाही, एका अख्ख्या राजवटीनं मुलांचं काय केलं ते त्यातून कळत जातं. वाचताना मधे थांबावंसं वाटेल अशी पानं आहेत. रात्री झोपण्यापूर्वी नको, दिवसा गाडीत वाचा.

आणि 'गेम्स'. तुम्ही दोनदा घेतलेलं नाही, ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. 'प्रायव्हेट गेम्स' म्हणजे लंडनच्या 2012 च्या ऑलिम्पिकच्या वेळचं. त्यात लंडन शाखेचा पीटर नाइट आहे. बायको गेलेली, घरी लहान जुळी मुलं, आणि त्यांना सांभाळायला आलेली एकही बाई टिकत नाही. एकीकडे ऑलिम्पिक उधळायला निघालेला खुनी, दुसरीकडे उद्या मुलांना कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला हा माणूस लगेच आपला वाटेल, असं मला वाटतं. 'द गेम्स' हे मात्र रिओचं, 2016 च्या ऑलिम्पिकच्या वेळचं. इंग्लंडातल्या आवृत्तीवर त्याचं नाव 'प्रायव्हेट रिओ' आहे. फुटपाथवर उद्या ते दिसलं तर घेऊ नका, ते तुमच्याकडे आहेच.

हा नावांचा घोळ या मालिकेत आणखी काही ठिकाणी आहे आणि फुटपाथवरून घेणाऱ्याला तो ठाऊक असावाच. अमेरिकेत एक नाव, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात दुसरं. 'प्रायव्हेट ऑझ' आणि 'प्रायव्हेट डाउन अंडर' हे एकच पुस्तक आहे. 'प्रायव्हेट सिडनी' आणि 'मिसिंग' एकच. 'प्रायव्हेट दिल्ली' आणि 'काउंट टू टेन' एकच. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत दोन्ही देशांतल्या आवृत्त्या मिसळून येतात, त्यामुळे नुसत्या कव्हरवर विसंबू नका. घेण्याआधी पुस्तक उघडून जोडीदार लेखकाचं नाव बघा. सिडनीच्या गोष्टीत कॅथरीन फॉक्स, ऑझमध्ये मायकेल व्हाइट, दिल्लीत तुमचे ओळखीचे सांघी. नाव तेच दिसलं तर विकणाऱ्याला विचारून पहिलं पान तिथंच वाचून बघा. फुटपाथवरचे जुने विक्रेते तेवढं वाचू देतात.

दिल्लीवरून आठवलं. तुम्हाला मुंबईचं आवडलं आहे, तर तुमचं पुढचं पुस्तक खरं तर दिल्लीचंच. मुंबईत जे घडलं त्यानंतर तिथल्या शाखेचा प्रमुख संतोष वाघ नोकरी सोडून गेलाय, आणि जॅक त्याला दिल्लीची शाखा उभी करायला परत बोलावतो. ही दोन पुस्तकं मात्र क्रमानंच वाचायची, आणि तुमचा क्रम आपोआप बरोबर लागलाय. संतोष हा तुमचा धरायचा पहिला माणूस. बायको आणि मुलगा अपघातात गमावलेला, दारूशी झगडणारा, तरी कामावर आला की डोकं लख्ख चालणारा. तुम्ही पत्रात त्याचं नाव घेतलेलं नाही, पण 'सोडवेना' म्हणता तेव्हा मला वाटतं ते त्याच्यामुळेच. खुनाच्या गोष्टी पुष्कळ मिळतात. हा माणूस आज उभा राहील की नाही, या काळजीनं पान उलटायला लावणाऱ्या त्या मानानं थोड्या.

माणूस धरा म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. डिटेक्टिव्हच्या गोष्टीत संस्था आली ती खऱ्या आयुष्यातून. अ‍ॅलन पिंकर्टन या स्कॉटलंडहून आलेल्या माणसानं 1850 च्या सुमारास शिकागोत खासगी तपाससंस्था काढली. उघडा डोळा हे तिचं चिन्ह आणि 'आम्ही कधी झोपत नाही' हे ब्रीद. याच संस्थेत डॅशियल हॅमेट तरुणपणी नोकरीला होता. पुढे त्यानं 1920 च्या दशकात गोष्टी लिहिल्या त्या अशाच एका एजन्सीतल्या माणसाच्या, ज्याचं नावही तो सांगत नाही. पोलिसाला हद्द असते, बदली असते, वरिष्ठ असतात. एजन्सीकडे मात्र दार उघडून कोणीही येऊ शकतं: श्रीमंत, घाबरलेला, खोटं बोलणारा, ज्याला पोलिसांकडे जायची लाज वाटते तो. दर वेळी नवा माणूस आत येतो आणि ऑफिसातली माणसं तीच राहतात. एजन्सीच्या मालिका वर्षानुवर्षं चालू शकतात त्या याच रचनेमुळे. वाचक पहिल्यांदा प्रकरणासाठी येतो, दुसऱ्यांदा येतो तो त्या ऑफिसातल्या माणसांसाठी. जॅकच्या ऑफिसात मानसशास्त्रज्ञ जस्टिन आहे, प्रयोगशाळा बघणारा साय आहे, कॉम्प्युटरवर बसणारी मो-बॉट आहे, मरीनमधला जुना साथीदार डेल रिओ आहे. दोन पुस्तकं झाली की ते तुम्हाला तुमच्या ऑफिसातल्या माणसांसारखे वाटायला लागतील. अमुक आता काय म्हणेल, ते तुम्हाला आधीच कळेल.

इथे एक सांगायलाच हवं, कारण तुम्ही हिशेबाच्या कामातल्या आहात आणि तुमच्या मनात आलं असेलच. पुस्तकात संस्थेकडे स्वतःची प्रयोगशाळा असते, विमान असतं, पोलीस आदबीनं बोलतात. आपल्याकडच्या खऱ्या एजन्सींचं काम बहुतेक लग्नाआधीची चौकशी, नोकरीला घ्यायच्या माणसाची माहिती, कंपनीतली अफरातफर असं असतं. त्यांना कोणाला अटक करता येत नाही, कोणाचा फोन ऐकता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. 2007 साली राज्यसभेत तसं विधेयक आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा मुंबईच्या पुस्तकातली संस्था ही कल्पनेतलीच समजा. तरी त्यात खरं जे आहे ते खरंच आहे. एकटेपणात कोणाकडे तरी जाऊन 'माझ्यासाठी शोधून द्या' म्हणणारी माणसं या शहरात रोज आहेत.

आता वाचायच्या पद्धतीबद्दल, कारण पत्रात ओझरतं लिहिलेलं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. 'अख्खी इंग्रजी कादंबरी मी जन्मात पहिल्यांदा वाचून संपवली.' ताई, ही लहान गोष्ट नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी हुशार बायका ऑफिसात दिवसभर इंग्रजी पत्रं लिहितात, पण इंग्रजी कादंबरी हातात धरायला कचरतात. पहिल्या पानावर चार शब्द अडले की पुस्तक मिटतं ते कायमचंच. तुमचं मिटलं नाही, त्यात पॅटरसनच्या लिहिण्याचा वाटा आहे. तो लेखक व्हायच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं जाहिरातीच्या धंद्यात होता. वाचकाचं लक्ष किती वेळ टिकतं याचा अंदाज त्याला पक्का आहे. प्रकरणं दोन-तीन पानांची, वाक्यं आखूड, आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलेलं की पुढचं उघडावंच लागतं. अशी शंभरच्या आसपास प्रकरणं असतात. मुलुंडहून धीम्या गाडीत बसलात तर भांडुप ते विक्रोळी एक प्रकरण होतं. घाटकोपरला गर्दी चढली नि पुस्तक मिटावं लागलं, तरी कुर्ल्याला पुन्हा उघडताना कुठे होतो ते शोधत बसावं लागत नाही. उभ्यानं वाचणाऱ्या माणसासाठी असं पुस्तक फार सोयीचं.

शब्द अडला तर गाडीत फोन काढून अर्थ बघू नका. पुढे जा. तोच शब्द तिसऱ्यांदा आला आणि तरी कळला नाही, तर मात्र बारीक पेन्सिलीनं खूण करा आणि घरी बघा. बहुतेक शब्द दुसऱ्यांदा येतानाच स्वतःचा अर्थ सांगून जातात. आणखी एक करा. पुस्तकाच्या सुरुवातीला जे कोरं पान असतं त्यावर माणसांची नावं लिहीत जा. नाव, आणि पुढे दोन शब्द. 'साय, प्रयोगशाळा.' 'टॉमी, जुळा भाऊ, वाईट.' या मालिकेत एका पुस्तकात दोन-तीन तपास एकदम चालतात आणि परकी नावं डोक्यात राहत नाहीत. मधे चार दिवस सुट्टी पडली तर ते पान हाताशी असावं. पुस्तक तुमचं आहे, त्यावर लिहिताना जीव खालीवर व्हायला नको. वाचनालयाचं असेल तर कागदाचा कपटा ठेवा.

एक मोठी तक्रार या मालिकेबद्दल केली जाते आणि ती मला पटते, म्हणून तीही सांगते. पॅटरसन गोष्टीचा तपशीलवार आराखडा करतो आणि जोडीदार लेखक त्यावरून लिहितो, अशी त्याची पद्धत आहे, आणि त्यानं ती कधी लपवलेली नाही. त्यामुळे सगळी पुस्तकं एका उंचीची नाहीत. काही ठिकाणी माणसं नुसती धावतात. मारामारी झाली, गाडी उडाली, पुढचं प्रकरण. असं पुस्तक हाताला लागलं आणि पन्नास पानांत कोणाचीच काळजी वाटली नाही, तर बिनधास्त सोडा. पुढचं घ्या. मालिका पुरी करायची म्हणून कंटाळवाणं पुस्तक ओढत नेऊ नका. तसं करणारे पुष्कळ वाचक बघितलेत. त्यांचं शेवटी वाचणंच सुटतं.

नणंदबाईंचं. त्या मराठी शिकवायच्या म्हणता, म्हणजे त्यांचा जीव वाचनात आहे आणि तुमच्यावरही आहे, असं धरून चालते. वर्तमानपत्राचं कव्हर आधी काढा. पुस्तक खराब होऊ नये म्हणून कव्हर घालणं वेगळं, लपवायला घालणं वेगळं. 44 व्या वर्षी नोकरी, घर, गाडीची धक्काबुक्की सांभाळून तुम्ही वाचायला लागलात. यात लपवण्यासारखं काय आहे?

त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना बाबूराव अर्नाळकरांबद्दल विचारा. त्यांच्या पिढीला आणि त्याच्या आधीच्या पिढीला अर्नाळकर माहीत नाहीत असं होणार नाही. हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस. झुंजार आणि त्याची विजया, डिटेक्टिव्ह धनंजय आणि त्याचा छोटू, काळापहाड. त्याही लांबच लांब मालिकाच होत्या. गिरगाव-दादरच्या चाळींतून त्या हातोहात फिरायच्या, वाचनालयात नंबर लावून घ्यायला लागायच्या, आणि घरात मोठ्यांची बोलणी खाऊन वाचल्या जायच्या. त्या वाचूनच पुढे गाडगीळ, जीए, दळवी वाचणारी किती माणसं तयार झाली, ते नणंदबाईंनीच तुम्हाला सांगावं. नंतरच्या पिढीला सुहास शिरवळकरांनी वाचायला लावलं. दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास ही नावं घेतली तर आज साठीच्या आसपासच्या माणसाचा चेहरा कसा बदलतो ते बघा. भालबा केळकरांसारख्या विज्ञान नि रंगभूमीत रमलेल्या माणसानं शेरलॉक होम्स मराठीत आणला तो वेळ जात नव्हता म्हणून नाही.

नणंदबाईंचं म्हणणं पूर्ण चुकीचं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. फक्त हीच पुस्तकं वाचत राहिलात तर काही वर्षांनी तुम्हालाच पोकळ वाटेल. पण तो प्रश्न आजचा नाही. आज तुम्ही पाच पुस्तकांवर आहात आणि भूक नुकती लागलीय. त्यांना असं सांगून बघा: 'ही दोन संपली की मधे एक तुम्ही सुचवलेलं वाचते. पण त्यावर तुम्ही माझ्याशी बोलायचं.' तुमच्या मुलुंडात महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे. दोघी मिळून जा. त्या तुमच्यासाठी निवडतील आणि तुम्ही त्यांच्यासाठी बर्लिन घेऊन या. मराठी शिकवलेल्या बाईला ते आवडेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

राहिला मुलगा. नाही, आठवीत ही पुस्तकं नकोत. पहिल्याच पुस्तकात शाळकरी मुलींचे खून आहेत, मुंबईच्या पुस्तकात बायकांचे गळे आवळलेत ते तुम्ही वाचलंच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी छळाची वर्णनं आहेत. तुमची इच्छा असेल तर दहावीनंतर, आणि तेव्हाही तुम्ही वाचलेलं तुम्हीच निवडून द्या. पण नुसतं 'तू लहान आहेस' म्हणून त्याला परत पाठवू नका. आई रोज गाडीत काय वाचते याचं कुतूहल त्याला आहे, ते जपा. त्याला फेलूदा द्या. सत्यजित राय यांनी 1965 पासून मुलांच्या मासिकासाठी लिहिलेला कोलकात्याचा खासगी डिटेक्टिव्ह, अशोक जैन यांनी मराठीत छान आणलाय आणि रोहन प्रकाशनानं काढलाय. गोष्ट सांगतो तो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे, साधारण तुमच्या मुलाच्याच वयाचा. तिसरा जटायू, जो स्वतःच रहस्यकथा लिहितो आणि त्यात चुका करतो. रक्तपात जवळजवळ नाही, डोकं मात्र भरपूर चालवावं लागतं. त्यातली एक गोष्ट मुंबईतच घडते, तिच्यापासून सुरुवात करू दे. इथेही तोपशे आणि फेलूदा तेच राहतात, बाकी सगळं दर वेळी नवं, म्हणजे तुम्ही दोघं एकाच तऱ्हेचं वाचत असाल. त्याच्यासाठी आणलेलं तुम्हीही वाचा. जेवताना खुनी कोण यावर पैज लावा, फक्त ज्यानं आधी संपवलं त्यानं तोंड बंद ठेवायचं.

या शनिवारी ऑफिस सुटल्यावर हुतात्मा चौकात गेलात तर आधी 2010 चं 'प्रायव्हेट' शोधा, मग दिल्ली. तिथं नाही मिळालं तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर बघा, जाता-येता गाडी तिथूनच जाते. व्हेगास तोवर कपाटात राहू दे. आणि बर्लिन वाचून झालं की कसं वाटलं ते मला कळवा.